खाच भिंतीकडे

दगडाचा पापुद्रा काढणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी एकतीस वर्षं रोज पाहिला, आणि त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी जेवढं बोललो तेवढं स्वतःच्या व्याह्यांविषयीही बोललो नसेन. आमच्या दगडांच्या संस्थेत त्याला सगळे पापुद्रेकर म्हणत. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण तिथंच पडून असायचं. एकदा नव्या कारकुनानं सरकारी लिफाफ्यावर सरळ ‘श्री. पापुद्रेकर’ असं टंकलं. यानं लिफाफा उघडला, आतलं पत्र वाचलं, पोच म्हणून सही केली आणि कामाला लागला. तक्रार नाही, हसणं नाही. त्या दिवसापासून ते आडनाव पक्कं झालं.

तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला त्याची कापखोली. त्याच्या शेजारी माझी कोठी, म्हणजे दगडांचं गोदाम. जगभरातून दगड यायचे, मी ते फळीवर लावायचो आणि मग त्याच्याकडे धाडायचो. तो आधी करवतीनं विटेएवढा तुकडा काढी, मग काडेपेटीएवढा. तो काचेच्या पट्टीवर राळेनं चिकटवी आणि कुरुंदाच्या खरखरीत पुडीत, ओल्या काचेवर, बोटांनी गोल गोल घाशीत बसे. किती घासायचं? केसाहून पातळ होईपर्यंत. मग दगडातून उजेड आरपार जातो. तो काप मायक्रोस्कोपखाली दोन काळसर भिंगांच्या मध्ये धरला, की साध्या पांढऱ्या कणांनाही रंग चढतात. पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे. पिवळा उतरून राखाडी झाला की थांबायचं. त्यानंतर आणखी दोन हात फिरवले तर दगड संपतो आणि हातात नुसती काच उरते.

“कुठं थांबायचं हे कसं कळतं हो?” असं मी त्याला पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“राखाडी झालं की थांबायचं,” तो म्हणाला. पुढची तीस वर्षं याहून लांब उत्तर त्यानं मला क्वचितच दिलं.

घासून घासून त्याच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या. संस्थेत अंगठा लावायचं हजेरीचं यंत्र आलं तेव्हा त्यानं सगळ्यांना ओळखलं, फक्त याला ओळखलं नाही. अकरा वेळा अंगठा लावला, अकरा वेळा लाल दिवा. शेवटी साहेबांनी एकट्यासाठी जुना हजेरीपट चालू ठेवला. मी म्हटलं, “पापुद्रेकर, चोरी करायची असेल तर हीच वेळ.” त्यानं मान हलवली. विनोद कळला म्हणून, की सूचना ऐकली म्हणून, ते देवाला ठाऊक. चहाचा उकळता पेला तो मुठीत धरून बसे, आणि आम्ही कपाच्या कानाला दोन बोटांनी धरूनही फुंकर घालत असू.

त्याची बायको मात्र भलतीच बोलकी. समोरच्या पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामावर होती. रोज एक वाजता डबा घेऊन रस्ता ओलांडून यायची. कापखोलीतलं टेबल भिंतीपासून हातभर पुढं होतं, त्या फटीत एक स्टूल असायचं. बाई अंगानं चांगली भरलेली. कडेकडेनं सरकत, पोट आत ओढत, ती त्या फटीत शिरायची आणि भिंतीला पाठ टेकून बसायची. नवरा अलीकडे, भिंतीकडे तोंड करून. डबा मध्ये. ती बोलायची, तो चावायचा. मी पाणी मागायच्या निमित्तानं दारात उभा राहायचो, कारण कुणाच्या मुलीचं कुठं ठरलं, कुणाच्या घरात कुणी अबोला धरला, हा सगळा माल मला तिच्याकडूनच मिळायचा. ती गेल्यापासून माझी दुकानदारी मंदावली, हे मी कबूल करतो.

गेली म्हणजे किती पटकन. मंगळवारी ताप, गुरुवारी दवाखाना, शनिवारी संपलं. आणि सोमवारी सकाळी साडेनवाला पापुद्रेकर कापखोलीचं कुलूप उघडत होता.

मी म्हटलं, “अहो, आज कशाला आलात?”

“पेट्या आल्यात ना?”

पेट्या आल्या होत्या हे खरं. बारा दगड, तीन पेट्या. ते कापून झाल्यावर त्यानं हात धुतले, साडेपाचला कुलूप लावलं आणि गेला. डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही. मी तर मुद्दाम दोनदा जाऊन पाहिलं, माझा स्वभावच तसा. चेहरा जसा आदल्या सोमवारी होता तसा या सोमवारी. संस्थेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. एकजण म्हणाला, धक्का आहे, उतरेल. दुसरा म्हणाला, धक्का कसला, एवढी वर्षं दगडात काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार. दुसऱ्याचं सगळ्यांना पटलं, मलासुद्धा.

सगळ्यात जास्त पटलं ते त्याच्या मेहुणीला. बायकोची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. पण निवृत्ती फक्त शाळेतून, आवाजातून नव्हे. ती दर गुरुवारी त्याच्यासाठी डबा आणायची, आणि तो त्याच्या हातात न देता माझ्या खिडकीत ठेवायची.

“ताई, दहा पावलांवर खोली आहे,” मी एकदा म्हटलं.

“मला दिसतं. मी आंधळी नाही.”

“मग स्वतः द्या की.”

“बहिणीला शब्द दिलाय, आठवड्यातून एकदा तरी त्याच्या पोटात घरचं जाईल म्हणून. त्याच्याशी बोलेन असा शब्द दिलेला नाही.” मग खिडकीवर कोपर टेकून ती नेहमीचा पाठ म्हणायची. “तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी हा माणूस कामावर. दगड काय पळून जाणार होते? लाखो वर्षं थांबले ते, आणखी चार दिवस थांबले नसते?”

मी डबा आत ओढून घ्यायचो. संध्याकाळी डबा घासूनपुसून पुन्हा माझ्या खिडकीत यायचा. भाताचं एक शितही उरलेलं नसे. अशी दोन वर्षं गेली.

आता ते बारा दगड कसले, ते सांगतो. ते आमच्या मॅडमचे. मॅडम म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञ, चाळिशीच्या, बारीक, सतत घाईत. त्यांनी भर समुद्रातल्या बेटांच्या एका माळेवरून ते जमवले होते. बारा बेटं, एका ओळीत. त्यातली शेवटची चार तर पाण्याखाली गेलेली, तिथले दगड बोटीवरून जाळं टाकून ओढून काढलेले. मॅडम एकदा काप बघायला खाली आल्या तेव्हा मीही तिथं होतो, अर्थात पाणी मागायला. कशी कुणास ठाऊक, पण पापुद्रेकरनं त्यांना विचारलं, “ही सगळी एका ओळीत कशी?”

मॅडमना असं विचारणारा माणूस हवाच होता. त्यांनी राळ तापवायची मेणबत्ती पेटवली आणि एक जाड कागद तिच्यावर आडवा धरला. कागदावर तपकिरी डाग पडला. कागद थोडा सरकवला, दुसरा डाग. आणखी सरकवला, तिसरा.

“हा कागद म्हणजे समुद्राचा तळ,” त्या म्हणाल्या. “पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात. वर्षाला नखं वाढतात ना, साधारण तेवढे. कवचाच्या खाली प्रावरण. तेही दगडाचंच, पण अतिशय तापलेलं. त्यातून एका जागी खोलवरून आच वर येते. वर येता येता दगड वितळतो, कवच फोडून बाहेर पडतो आणि पाण्यातून ज्वालामुखी डोकं काढतो. झालं बेट. पण खालची आच जागेवर राहते आणि तळ बेटाला घेऊन पुढं सरकतो. बेट आचेवरून हललं की विझलं. मग आचेवर दुसरं.”

“आणि विझलेलं?”

“निवत जातं. निवलेला तळ जड होतो, खचतो. वरून लाटा खातात. लाखो वर्षांनी बेट पाण्याखाली.”

“बुडालेलंही मोजता?”

“मोजायला लागतं. नाहीतर माळ अर्धीच राहील.” त्यांनी कागदावरचे डाग बोटानं दाखवले. “आचेपासून जितकं लांब, तितकं म्हातारं. एक नंबर तान्हं, बारा नंबर आजोबा.”

“म्हणजे मेणबत्ती कुणी हलवत नाही.”

“मेणबत्ती जागेवर.”

त्यानं मान हलवली आणि पुन्हा घासायला बसला. त्याच्या तोंडून एका दमात चार प्रश्न निघाले हे मी त्या दिवशी साऱ्या संस्थेला सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

प्रत्येक दगडाचा अर्धा भाग कोठीत राहिला आणि उरलेल्याचे दोन तुकडे झाले होते. एकाचा काप. दुसरा पिशवीत घालून परगावच्या प्रयोगशाळेत, वय काढायला. तिथं दगडाचं वय काढायला माणसाचं लग्न जमवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दीड वर्षानं आकडे आले आणि मॅडम जिन्यावरून पळत खाली आल्या. पहिली चार बेटं शहाण्यासारखी एकापेक्षा एक म्हातारी. शेवटची चारही तशीच. मधली चार मात्र उलटी. पाचवं एकदम म्हातारं, सहावं त्याहून तरुण, सातवं आणखी तरुण, आठवं चौघांत कोवळं. मॅडमनी सहा महिने डोकं लावलं आणि सिद्धान्त मांडला: मधल्या काळात आच स्वतःच चालली. तळापेक्षा वेगानं पुढं गेली आणि मग परत फिरली. मेणबत्तीच हलली.

संस्थेत आनंदीआनंद. मोठ्या परिषदेत व्याख्यान ठरलं, सोमवारचं विमान. बुधवारी आमच्याच सभागृहात रंगीत तालीम. मॅडमनी पापुद्रेकरला मुद्दाम बोलावलं. पहिल्याच चित्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘काप तयार करणारे’ आणि पुढं त्याचं नाव. खरं नाव. अर्ध्या सभागृहानं हा कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

तो शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर हात ठेवून. पडद्यावर सहाव्या बेटाचा काप आला, भिंतीएवढा. पापुद्रेकर पुढं वाकला.

“हा सहा नाही,” तो म्हणाला. अगदी हळू, मलाच ऐकू येईल इतका.

“मग?”

“सात. सहामध्ये साखरेच्या दाण्याएवढे हिरवे कण होते. घासताना करकरत होते.”

तो काप आठशे कापांपूर्वीचा असला तरी त्याला आठवला असता, याबद्दल मला शंका नाही. मी म्हटलं, “अहो, दोन वर्षं झाली.”

तो पुढं वाकलेलाच राहिला.

गुरुवारी सकाळी तो कोठीच्या दारात. “पाच ते आठचे उरलेले अर्धे द्या.”

दगडाचा अर्धा भाग नेहमी माझ्याकडे राहतो, अंगावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. मी चारही काढून दिले. त्यानं ते टेबलावर ओळीनं ठेवले, भिंग लावलं, एक एक काप उजेडाला धरून पाहिला. दहा मिनिटंही लागली नाहीत. पाचच्या काचेवर आठवा दगड. सहावर सातवा. सातवर सहावा. आठवर पाचवा. सबंध ओळ फिरलेली.

आता इथं त्याची कामाची रीत सांगायला हवी. काडेपेटीएवढ्या तुकड्यावर आकडा लिहून उपयोग नसतो, पाण्यात आणि पुडीत तो टिकत नाही. म्हणून त्यानं स्वतः लाकडी ट्रे बनवले होते, एकात चार कप्पे, आणि एका कडेला करवतीनं पाडलेली खाच. खाच भिंतीकडे ठेवायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि डावीकडून मोजायचं. तुकडे धुऊन वाळले की त्याच क्रमानं काचेला चिकटवायचे, हिऱ्याच्या टोकानं काचेवर आकडा कोरायचा आणि कप्प्यातला दुसरा तुकडा त्याच आकड्याच्या पिशवीत टाकायचा. एकतीस वर्षांत चूक नाही.

“ट्रे उलटा ठेवला असेल,” मी म्हटलं.

“नाही. खाच भिंतीकडेच होती.” तो टेबलाकडे बघत होता. “पहिला ट्रे अकराला झाला. तिसरा तीनला केला. हा एक वाजता केला.”

“बरं, मग?”

“मी तिकडे बसलो होतो.”

त्यानं हनुवटीनं फटीतल्या स्टुलाकडे खूण केली. स्टूल अजून तिथंच होतं, वर कुरुंदाची धूळ. म्हणजे त्या सोमवारी एक वाजला, डबा आला नाही, आणि हा माणूस उठून त्या फटीत जाऊन बसला. भिंतीला पाठ लावून. आणि बसलाच आहे तर काम करू म्हणून समोरचा ट्रे डावीकडून मोजला. त्या बाजूनं डावं म्हणजे या बाजूचं उजवं.

“का बसलात तिथं?”

“काय माहीत.”

मी आयुष्यात गप्प बसलो असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत, त्यातला हा एक. पण तो फार वेळ टिकला नाही. स्वभाव आडवा आला. मी दार लोटून घेतलं. “हे बघा पापुद्रेकर. कोठीची किल्ली माझ्याकडे. हे चार दगड मी मागच्या फळीवर टाकले तर पुढची पन्नास वर्षं कुणी हात लावणार नाही. मॅडम खूश आहेत. तुमचं नाव पडद्यावर आलं. कशाला पाण्यात दगड टाकताय? तुमच्यावर येईल, आणि त्या बाईची दोन वर्षं जातील.”

“जातील,” तो म्हणाला.

“मग?”

“बेटं जिथल्या तिथं पाहिजेत.”

बस, एवढंच. शुक्रवारी सकाळी चार दगड आणि चार काप एका परातीएवढ्या ट्रेमध्ये घेऊन तो जिना चढला. दगड जड असतात, दार उघडायला कुणीतरी हवं, असं म्हणून मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

मॅडम बॅग भरत होत्या. “या, या. काय आणलंत, आहेर?”

“मेणबत्ती जागेवरच आहे, मॅडम.”

“म्हणजे?”

“मी हललो होतो.”

मग त्यानं सांगितलं. ट्रे, खाच, एक वाजता, स्टूल. ज्या आवाजात तो राळ संपली म्हणून सांगायचा, त्याच आवाजात. स्टूल कुणाचं ते सांगितलं नाही, ते मी सांगितलं. मॅडमनी एकेक काप मायक्रोस्कोपखाली घातला, एकेक दगड भिंगानं पाहिला. पाच वेळा पाहिलं असेल. मग खुर्ची मागं सरकवली.

“दोन वर्षं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुम्ही त्या दिवशी कामावर कशाला आलात?”

त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, कारण उत्तराला वेळ लागला. “घरी काही कापायला नव्हतं.”

मॅडम रागावतील म्हणून मी आधीच एक पाऊल मागं सरकून उभा होतो. त्या रागावल्या नाहीत. रडल्याही नाहीत. बॅगेतून व्याख्यानाचे कागद काढले, मधली पानं वेगळी केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. “सोमवारी जाते,” म्हणाल्या. “आच जागेवर आहे असं सांगायला. हसतील थोडे. तुम्ही हे चार पुन्हा कापून द्या.”

“कधीपर्यंत?”

“उद्या संध्याकाळी.”

“उद्या दुपारी देतो.”

त्याच्या हजेरीपटावर लाल शेरा आला नाही. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, एकतीस वर्षांत चार काप, आमच्या खात्यात एका सकाळीत याहून जास्त चुकतं. पुढं नवे तुकडे परगावी गेले आणि ओळ सरळ लागली, तान्ह्यापासून आजोबांपर्यंत. पण ते फार नंतर.

त्याआधीचा, म्हणजे लगेच पुढचा गुरुवार महत्त्वाचा. मेहुणीबाई डबा घेऊन आल्या, खिडकीवर कोपर टेकलं आणि पाठ सुरू केला, “तिसऱ्या दिवशी…”

मी म्हटलं, “ताई, जरा थांबा.” आणि सांगितलं. कुणाचं गुपित पोटात ठेवण्याबद्दल माझी ख्याती नाहीच, पण हे मी ठेवलं असतं तर मलाच पोटदुखी झाली असती. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मुख्याध्यापिकेनं सबंध गोष्ट न टोकता ऐकली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“कुठं बसला होता म्हणालात?”

“बघायचं असेल तर दहा पावलं आहेत.”

त्यांनी डबा उचलला आणि गेल्या. मी मागं. पापुद्रेकर घाशीत होता. त्यानं वर पाहिलं, हात पुसले, उभा राहिला. दोन वर्षांत ती दोघं समोरासमोर आली नव्हती.

“ताई,” तो म्हणाला.

त्या कडेकडेनं फटीत शिरल्या. बहिणीपेक्षा बारीक, त्यामुळे पोट आत ओढावं लागलं नाही. स्टुलावरची धूळ पदरानं पुसली, भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि डबा टेबलावर मध्ये ठेवला.

“बसा भाऊजी. जेवा.”

तो बसला, जेवायला लागला. त्या त्याच्या हाताकडे पाहत होत्या. अर्धा डबा झाल्यावर म्हणाल्या, “आज आमटीत मीठ घालायला विसरले मी. रस्त्यात आठवलं.”

“असं का?”

“तुम्हाला कळलं नाही?”

“मला कळत नाही ताई. तेव्हापासून नाही कळत.”

“कशाचंच?”

“कशाचंच.”

“आणि दोन वर्षं मी लसूण निवडून निवडून फोडण्या घालतेय.” मग म्हणाल्या, “सांगायचं तरी.”

“तुम्ही खिडकीतच ठेवायचात.”

मला दारात पाहून ताईंनी विचारलं, “तुम्हाला पाणी हवंय का?” मी समजलो आणि कोठीत परतलो.

पुढच्या गुरुवारी त्या माझ्या खिडकीवरून सरळ पुढं गेल्या. जाताना हळूच म्हणाल्या, “आज मीठ मुठीनं घातलंय. बघू.” मी पाणी मागायला गेलोच. तो जेवत होता, त्या समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यानं सगळा डबा संपवला, शेवटची आमटी वाटीनं पिऊन टाकली. चेहरा तोच. डबा नळाखाली धरून घासला, पुसला, ताईंच्या हातात दिला. मग ट्रे ओढून घेतला, खाच भिंतीकडे केली, आणि घासायला बसण्याआधी उठून माठातलं तीन पेले पाणी प्यायला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. घासून घासून तहान लागतेच माणसाला.